मास्तरांनी न लिहिलेली जात

राघोत्तम मास्तरांना वेड लागलं असं आमच्या बोळातले लोक म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यातल्या कुणी दर रविवारी त्यांच्याबरोबर उन्हात चालून बघितलंय का? मी चालते. पहिल्यापासून जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मीच लिहिते.

माझं नाव गोदा. फोर्थ फॉर्ममध्ये, म्हणजे नववीत, मी शाळा सोडली. आता अनंतकृष्ण मामांच्या छापखान्यात कागदांना घड्या घालते. पुण्यामुंबईची मराठी मला येत नाही. आमची तंजावरची, घरात बोलायची, तिच्यात निम्मं तमिळ. मामा म्हणाले, "तू भांडतेस तशीच लिही, त्यात तुझी चूक होत नाही."

आमचं घर तमिळ मुलखात, बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमध्ये, मिरच्यांच्या गोदामांच्या मागच्या बोळात. खाली आम्ही, वर एका खोलीत मास्तर. तंजावरहून आले तेव्हा बायको होती, नंतर वारली. मूल नाही. दोन धोतरं, दोन शर्ट, एक छत्री. खिशात कायम खडू, त्यामुळे दोन्ही शर्टांचा खिसा पांढरा. पोरांना कधी मारलं नाही. गणित चुकलं की स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायचे आणि म्हणायचे, "अय्यो, मी कसं शिकवलं मग?" त्यानं आम्हाला जास्त लाज वाटायची.

शाळा आठवीपर्यंतची. नाव घालण्याचं रजिस्टर मास्तरांकडे होतं. त्यात रकाने असतात. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जात. एकोणीसशे एकोणपन्नास साली ते रजिस्टर त्यांच्या हातात आलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी जातीचा रकाना भरलाच नाही. कुणाचाच नाही. माझाही नाही. आम्ही राव, ब्राह्मण, हे सगळ्या बोळाला माहीत, तरी माझ्या नावापुढे रिकामं.

ते असं का करायचे हे त्यांनी मला सांगितलंय. तंजावरला लहानपणी त्यांच्या घरी एक माणूस यायचा. अंगणाच्या पलीकडे, रस्त्याच्या त्या कडेला उभा राहून ओरडायचा, "सामी, आलोय." सामी म्हणजे स्वामी, मालक. जवळ यायची सोय नव्हती. मास्तरांनी बापाला विचारलं, त्याचं नाव काय? बापानं जात सांगितली. पुन्हा विचारलं, नाव काय? बाप म्हणाला, "तेच नाव." मास्तर म्हणायचे, "गोदा, लिहिणं बंद केलं की एक पिढी लागेल, पण विसरतील. शाईतून गेलं की जिभेवरनं जातं."

हेडमास्तर म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू, समोर येईल त्यावर सही. इन्स्पेक्टर यायचा, मुलं मोजायचा, शहाळं प्यायचा, जायचा. आठवीपर्यंत फी नाही, त्यामुळे त्या रकान्याची कुणाला गरजच पडली नाही. आठ वर्षं ते रिकामं रजिस्टर कपाटात सुखानं होतं.

रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर वाद चालायचे. आम्ही ओट्याला तिण्णै म्हणतो. तमिळ लोकांत वादाची एक रीत आहे. दोन बाजू बोलतात, मध्ये एक पंच बसतो, आणि शेवटी पंचानं निकाल द्यायचाच, 'दोघंही बरोबर' म्हणायची सोय नाही. तीच रीत आमच्या लोकांनी उचलली होती. विषय फिरून फिरून एकच. माणसामाणसांत एवढं अंतर कशानं पडलं आणि कशानं जाईल.

अनंतकृष्ण मामा म्हणायचे, पैशानं. "उद्या सगळ्यांना सारखा पगार द्या, परवा कुणी कुणाची जात विचारली तर माझी मिशी काढतो."

"तुम्हाला मिशी आहेच कुठे हो?" दत्ताजीराव म्हणायचे. ते रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं एकच, शिस्त नाही म्हणून गरिबी. "मी छत्तीस वर्षं एकदाही लेट गेलो नाही."

"गाडी लेट होती, तुम्ही नव्हता, एवढंच," मामा म्हणायचे.

आणि मास्तर हळू आवाजात म्हणायचे, "नाव पुसा. आधी नाव पुसा. पैसा नंतर वाटता येतो."

बहुतेक रविवारी मास्तरच जिंकायचे. मी आत दाराशी बसून ऐकायची, कॉफी द्यायची. त्यांचं बोलणं ऐकलं की वाटायचं, आत्ताच्या आत्ता काहीतरी करावं.

आता अंजलै. माझ्या बाकावर माझ्या शेजारी ती पहिलीपासून बसायची. ती राहायची पुलाच्या खालच्या झोपड्यांत. बाप बंदरात ओझी वाहायचा, तो एकदा पाठीवर पडला आणि तेव्हापासून घरी. आई पट्टम्मा चार घरी भांडी घासायची. अंजलैला गणित असं यायचं की मास्तर फळ्यावर लिहून संपवायच्या आत ती उत्तर माझ्या कानात सांगायची आणि मी हात वर करायची. माझे अर्धे मार्क तिचे. कुणी तिला काही बोललं की मी मारायची. एकदा एका पोराचा दात पाडला. मास्तरांनी विचारलं तर म्हटलं, पडायलाच आला होता.

सत्तावन्न साली आठवीची सरकारी परीक्षा झाली. अंजलै शाळेत पहिली आली. पुढे हायस्कूल, तिथे फी. पण तिच्यासारख्या, ज्यांना लोक शिवत नाहीत अशा जातीच्या मुलींना सरकार फी माफ करायचं, वर वसतिगृह, जेवण, पुस्तकं. फक्त अर्ज करायचा आणि त्याला शाळेच्या रजिस्टरचा उतारा जोडायचा. शेवटची तारीख बुधवार, बारा जून.

उतारा काढला. जातीचा रकाना रिकामा.

हेडमास्तरांनी तारखेच्या नऊ दिवस आधी मास्तरांना बोलावलं. मी आणि अंजलै बाहेर उभ्या होतो. हेडमास्तर म्हणाले, "राघोत्तमराव, आत्ता लिहा. आदि द्रविड. एवढंच. मी खाली सही करतो, दुरुस्ती म्हणून पाठवू. अजून मुदत आहे, मान्य होईल."

मास्तर म्हणाले, "आठ वर्षं मी लिहिलं नाही."

"मग आज लिहा."

"या मुलीला पहिला नंबर मिळाला तो जातीमुळे मिळाला का? ती गरीब आहे, हुशार आहे, एवढ्यावर मिळायला पाहिजे. मी त्यांना पटवून देतो."

हेडमास्तर हसले. "ऑफिसला पटवायचं नसतं हो. भरून द्यायचं असतं."

मास्तरांनी भरलं नाही. त्यांनी पत्र लिहिलं. तीन पानं, इंग्रजीत. रात्रंदिवस खोडून खोडून लिहिलं. विषमतेची कारणं काय, उपाय काय, सरकारनंच जात विचारली तर ती जाणार कशी, सगळं. रविवारी ओट्यावर त्यांनी ते वाचून दाखवलं आणि मधेमधे मराठीत समजावलं. दत्ताजीरावसुद्धा रडले. मामा म्हणाले, "मी आज हरलो. हे पत्र छापायला पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही आतून वाजवल्या.

अंजलै खाली बोळात उभी होती. निकाल ऐकायला आली होती. मी धावत गेले. ती म्हणाली, "मिळालं का मग?"

मी म्हटलं, "मिळाल्यासारखंच आहे. काय पत्र लिहिलंय!"

ती तमिळमधेच बोलायची, मी आपल्या भाषेत लिहितेय. ती म्हणाली, "पत्र चांगलं आहे ते ऐकू आलं. मिळालं का?"

सोमवारी मास्तर पत्र घेऊन गेले. कारकुनानं तिन्ही पानं उलटून बघितली आणि विचारलं, "उताऱ्यात जात कुठे आहे?" मास्तर बोलायला लागले. तो म्हणाला, उद्या साहेबांना भेटा. मंगळवारी साहेब नव्हते. बुधवारी होते, त्यांनी पत्र वाचलं, खरंच वाचलं, आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे विचार फार थोर आहेत. रकाना भरून आणा." तेव्हा साडेचार वाजले होते. मास्तर शाळेपर्यंत धावले. पन्नाशीचा माणूस, धोतर हातात धरून. हेडमास्तर घरी गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. रजिस्टर काढून, लिहून, सही घेऊन परत गेले तोवर ऑफिस बंद. गुरुवारी कारकुनानं नवी शाई बघितली, तारीख बघितली, आणि अर्ज परत केला.

पुढच्या वर्षी करा म्हणाला. पण पट्टम्माच्या घरात पुढचं वर्ष नावाची वस्तू नव्हती. जुलैत अंजलै आमच्या मागच्या गोदामात मिरच्यांची देठं खुडायला लागली.

मी ऑगस्टपर्यंत हायस्कुलात गेले. बाकावर शेजारी दुसरीच कुणी. एका दिवशी गणिताचा तास चालू होता, मी दप्तर उचललं आणि घरी आले. अम्मानं मारलं. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. अम्मा म्हणाली, "तिचं गेलं म्हणून तू सोडलंस? तुझ्या सोडण्यानं तिला मिळणार आहे का?" नाही मिळणार. मला माहीत होतं. पण माझ्याही नावापुढे रिकामंच होतं ना? माझं काय अडलं? काहीच नाही. एकच रिकामा रकाना, मला हायस्कुलात घेऊन गेला आणि तिला मिरच्यांत. हे मला मोठ्यानं कुणाला तरी सांगायचं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

मास्तरांचं तेव्हापासून सुरू झालं.

गोदामात चाळीसेक बायका ओळीनं बसतात. मिरचीची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधतात, फक्त डोळे दिसतात. शाळेचा रस्ता तिथूनच. मास्तर रोज दारापाशी थबकायचे. त्या चाळीस जोड्या डोळे वर व्हायचे. त्यातले अंजलैचे कुठले ते त्यांना कळायचं नाही. मग ते सगळ्यांनाच हात जोडायचे. बायका हसायच्या. एकदा एक म्हणाली, "सामी, देऊळ पुढच्या गल्लीत आहे." मास्तर तसेच हात जोडून उभे.

नंतर ते लांबच्या रस्त्यानं जायला लागले. पण वर्गात मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "कोण शिंकलं?" कुणीही शिंकलेलं नसायचं. आमच्या घरातही. ते आमच्याकडेच जेवायचे, पानावर बसले की हात थांबायचा. "सईबाई, बाहेर कुणी खोकतंय का?" सईबाई म्हणजे माझी अम्मा, ती बाहेर बघून यायची. कुणी नसायचं. पहिल्यांदा ती चिडायची. नंतर तीच घाबरायला लागली, कारण एकदा तिलाही ऐकू आलं.

हजेरी घेताना ते पहिलं नाव अंजलैचं घ्यायचे. ती तर शाळा सोडून गेलेली, हजेरीत नावही नाही. तरी घ्यायचे आणि वाट बघायचे. पोरं एकमेकांकडे बघायची. एक कार्टं एकदा गंमत म्हणून मागून ओरडलं, "उळ्ळेन सार," म्हणजे हजर. मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि त्या पोराजवळ जाऊन म्हणाले, "बाळ, तू तिच्याकडनं बोलू नकोस. मी बोललो तेवढं पुरे झालं."

रविवारचे वाद चालूच होते, पण मास्तर यायचे नाहीत. वरच्या खोलीत खिडकी लावून बसायचे. मी कॉफी घेऊन गेले की त्यांच्यापुढे जुन्या रजिस्टरातून उतरवलेली यादी असायची. ज्यांना जात लिहिल्यानं काही मिळणार होतं अशा पोरांची नावं. शहाण्णव. कुणी तिसरीत, कुणी सहावीत. मास्तर म्हणाले, "गोदा, हे सगळे त्याच रस्त्यानं चाललेत. आठवी संपली की खड्डा आहे. खड्डा मी खणलाय, आणि वरनं ताडपत्री घालून ठेवलीय."

"मग भरा ना खड्डा," मी म्हटलं.

"शहाण्णव नावांपुढे नवी शाई कोण मानेल? एकीची नाही मानली. आधी वरच्या साहेबाला सांगावं लागेल, हे चुकून झालं नाही, मी मुद्दाम केलं. मग दुरुस्तीचा हुकूम निघेल. आणि मग मी शाळेत राहणार नाही."

"मग?"

ते यादीची घडी घालायला लागले. मला राग आला. त्यांच्यावर मला तेव्हा पहिल्यांदा राग आला, आणि खोटं कशाला सांगू, कपबशी मी आपटलीच.

अठ्ठावन्नच्या जूनमध्ये पट्टम्मा धाकटीला घेऊन शाळेत आली. वळ्ळी नाव. पहिलीत घालायचं होतं. ही हकीकत मला पट्टम्मानंच सांगितली. मास्तरांनी रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग टाक दौतीत बुडवला आणि थांबले. पट्टम्मा म्हणाली, "सार, या वेळी लिहा."

मास्तरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. पट्टम्मा म्हणाली, "मोठं लिहा. लोक मला रस्त्यात ओरडून सांगतात, तुम्हाला कागदावर लिहायला लाज वाटते होय?"

मास्तरांनी लिहिलं. त्या रजिस्टरातली त्यांच्या हातची ही दुसरी जात, पहिली अंजलैची.

त्या रविवारी ते ओट्यावर आले. वर्षानं आले. सगळे खूश झाले, दत्ताजीरावांनी जागा दिली. मास्तर बसले नाहीत. म्हणाले, "आजचा विषय मी आणलाय. अंजलैचं नुकसान कुणी केलं? एका बाजूला मी बोलतो, माझ्याविरुद्ध. दुसऱ्या बाजूला कुणीही बोला. अनंतकृष्ण, तुम्ही पंच. निकाल द्यायचा."

मग ते बोलले. ते तीन पानांचं पत्र किती चांगलं होतं, टाळ्या वाजल्या तेव्हा किती बरं वाटलं, तेही सांगितलं. म्हणाले, "नाव पुसणं मला परवडत होतं. माझं नाव कुणी रस्त्यात ओरडत नाही."

मग दत्ताजीराव म्हणाले, "राघोत्तमराव, मनाला फार लावून घेताय. तुमचा हेतू सोन्यासारखा."

"मी हेतू विचारला नाही."

"नियमच वाकडे आहेत, त्याला तुम्ही काय करणार?"

मास्तर मामांकडे वळले. "पंच, निकाल."

मामा जमिनीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "परिस्थिती दोषी."

"परिस्थितीला घर नाही, बोळ नाही. मी तिला कुठे भेटू? माणसाचं नाव सांगा."

मला आत बसवेना. मी मागच्या दारानं गोदामात गेले. रविवारी अर्धा दिवस काम असतं, सुटायची वेळ झाली होती. अंजलैचा हात धरला आणि ओढत आणली. ती फडकं सोडत सोडत आली. डोळे लाल, बोटांची टोकं लाल. ओट्यापाशी येऊन ती खाली रस्त्यात थांबली. मी म्हटलं, वर ये. ती आली नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात घण पडल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिच्यावरच तर बोलत होते सगळे या ओट्यावर. आणि ती एकदाही वर बसली नव्हती. मीसुद्धा तिला एकदाही वर बोलावलं नव्हतं. बाकावर मांडीला मांडी, आणि घरी आली की मीच खाली उतरायची. मी, जिनं तिच्यासाठी दात पाडला.

आमच्या लोकांनाही ते तेव्हाच दिसलं असावं. दत्ताजीराव उगाच सरकून बसले. जागा भरपूर होती, तरी सरकले.

मास्तर खाली उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "अंजलै, तू सांग. कुणी केलं?"

मला वाटलं रडेल, किंवा शिव्या देईल. तिनं हातानं नाक पुसलं आणि म्हणाली, "सार, तुम्ही केलंत."

तिनं हातातलं फडकं झटकलं.

"पण आता ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार असेल, तर मला ते नको. वळ्ळीचं लिहिलंत, अम्मानं सांगितलं. आमच्या झोपड्यांच्या ओळीत अजून पोरं आहेत. त्यांचं लिहा. मला जायचंय, भात लावायचाय."

आणि गेली. तिच्यामागे मिरचीचा वास राहिला. ओट्यावर दोघंतिघं खोकले. या वेळी खरंच खोकले.

सोमवारी मास्तरांनी साहेबांना पत्र लिहिलं. आठ ओळी. मी मुद्दाम रकाना रिकामा ठेवला, चूक माझी आहे, मुलांची नाही, दुरुस्तीचा हुकूम द्यावा. महिन्याभरात त्यांना कामावरनं काढलं. पेन्शन नाही. हुकूमही निघाला, पण त्यात एक अट होती. प्रत्येक मुलाच्या आईनं किंवा बापानं स्वतः जात सांगून कागदावर अंगठा द्यायचा, तरच रजिस्टरात लिहिणार. घरी जाऊन विचारायला शाळेकडे माणूस नाही.

मग मास्तर निघाले. जात कधी विचारणार नाही म्हणून ज्यांनी आयुष्य काढलं, ते दारोदार जात विचारायला निघाले. शाईचा पॅड धरायला मी. बाकीचे दिवस शिकवण्या, रविवारी हे.

पहिल्या दारात एका बाईनं घासायच्या भांड्याचं पाणी अंगावर टाकलं. "अय्यर बामण येऊन जात विचारतो! अजून काय बाकी ठेवलंय?" मास्तरांनी चष्मा पुसला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पत्र, बुधवार, अंजलै. प्रत्येक दारात तेच सांगायचे. मी म्हटलं, अंजलैचं कशाला सांगता, नुसता अंगठा मागा. ते म्हणाले, "का विचारतोय हे न सांगता विचारलं तर माझ्यात आणि माझ्या बापात फरक काय?"

त्या बाईनं शेवटी अंगठा दिला. आणि प्यायला पाणी दिलं. मास्तर प्यायले, मीही प्यायले. अम्माला सांगितलं नाही.

पुलाखालची सगळी घरं त्या वर्षीच्या दिवाळीच्या पावसाआधी झाली. पण बरेच लोक तिथून उठून गेलेले. झोपड्या हलवल्या, कुणी जळाल्या म्हणून गेले, कुणाला दुसरीकडे काम मिळालं. कुणी पेरंबूरला, कुणी व्यासरपाडीला. पत्ता असा कुणाचाच नाही. 'लाकडाच्या वखारीमागे', 'मारिअम्मन देवळाजवळ विचारा'. आम्ही विचारत जातो. दोन वर्षं झाली. आमच्या बोळातले म्हणतात, पोरं सापडली तेवढी पुरे, आता काय. वेड लागलं म्हणतात ते यालाच.

मास्तरांना अजून ऐकू येतं. चालता चालता थांबतात, मागे बघतात. मी विचारत नाही काय ऐकलं. मीही मागे बघते.

गेल्या रविवारी व्यासरपाडीला गेलो. कदिरवेल नावाचा मुलगा शोधायचा होता, तो आमच्या शाळेत तिसरीपर्यंत होता. तीन ठिकाणी विचारून घर सापडलं. बाई दारात बसून तांदूळ निवडत होती. मास्तरांनी विचारलं, कदिरवेलची आई का?

तिनं वर बघितलं. मग म्हणाली, "तो गेला. मागच्या पुरात, तापानं. कशाला हवा होता?"

मास्तरांच्या हातात कागद तसाच. मी म्हटलं, "चला सार." ते हलले नाहीत. बाईनं पुन्हा विचारलं, "कशाला हवा होता?"

मास्तर म्हणाले, "जात विचारायची होती, अम्मा."

मला वाटलं आता ही काहीतरी फेकून मारणार. ती हसली. हसण्यासारखा आवाज आला, तोंड हसलं नाही. "मेल्यावरपण विचारायला येता?"

मास्तर तिथेच मातीत बसले आणि नेहमीसारखं सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. रजिस्टर, रिकामा रकाना, पत्र, बुधवार. ती ऐकत होती, तांदूळ निवडत होती. सांगून झाल्यावर ते उठायला लागले तर ती म्हणाली, "थांबा. त्या पुस्तकात त्याचं नाव आहे?"

"आहे."

"बापाचं?"

"आहे. जन्मतारीखपण."

"अजून कुठे लिहिलेलं नाही त्याचं काही. जाळला तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही." तिनं सुपातला हात पुसला. "द्या कागद. पुरं लिहा."

मी पॅड उघडला. तिनं जात सांगितली, मास्तरांनी लिहिली, तिनं अंगठा दिला. या कागदानं आता कुणाला वसतिगृह मिळणार नाही, फी माफ होणार नाही. मास्तरांनी तो फुंकून वाळवला आणि बाकीच्यांसारखाच नीट घडी करून पिशवीत ठेवला.

बाहेर आलो. ऊन डोक्यावर. मी म्हटलं, "सार, आज पुरे. चेहरा बघा तुमचा."

ते म्हणाले, "अजून अकरा राहिलेत. एक जण इथेच कुठेतरी विहिरीपलीकडे राहतो म्हणतात. आत्ता सहावीत असेल."

"असेल कशावरून?"

"म्हणून तर जायचं," ते म्हणाले, आणि छत्री न उघडताच चालायला लागले. मी पॅड बंद केला आणि त्यांच्या मागे निघाले.